ओळखीची लहर

मिरजेच्या वत्सलाबाई आवटी एका परक्या माणसाच्या गाडीत बसून निघून गेल्या, त्या दिवशी 'सांगाती' कंपनीतला भिंतभर फलक सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवागार होता. लाल तर सोडाच, पिवळा ठिपकाही त्यावर उमटला नव्हता.

गाडीवाला भला निघाला म्हणून बरं. बाई चौकात उभ्या होत्या, त्याने सिग्नलला गाडी थांबवली, बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि "किती रे उशीर केलास, नंदकुमार" म्हणत मागचं दार उघडून आत बसल्या. खरा नंदकुमार, म्हणजे त्यांचा मुलगा, तेव्हा घरात त्यांच्यासाठी दूध तापवत होता. गाडीवाल्याने परोपरीने समजावलं, पण बाई ऐकेनात. शेवटी त्याने त्यांना वाटेतल्या एका पोलीस चौकीत नेऊन बसवलं. मुलाला त्या सापडल्या दुसऱ्या दिवशी दुपारी.

"मी भांडायला फोन केलेला नाही," नंदकुमार आवटी त्रिशलाला म्हणाला. "मला एवढंच सांगा, आईच्या कानात माझं नाव कुणी सांगितलं? मी तर तिथं नव्हतोच."

त्रिशला मगदूमने त्याचा प्रश्न कागदावर उतरवून घेतला. शोधून कळवते, म्हणाली आणि फोन ठेवून तिने पुन्हा एकदा फलकाकडे पाहिलं. तो आपला हिरवाच.

यंत्रांच्या नोंदी वाचणं हे तिचं काम. तेवीसशे म्हातारी माणसं कानामागे 'सांगाती' लावून महाराष्ट्रभर वावरत होती आणि त्यातलं प्रत्येक यंत्र दर पाच मिनिटांनी कोल्हापूरच्या या फलकावर आपली खुशाली कळवत होतं. खुद्द त्रिशलाची खुशाली विचारणारं मात्र दिवसभरात कोणी नसे. बाकीचे सगळे आपापल्या घरून काम करत. चाळीस टेबलांच्या त्या मजल्यावर ती, चहाचं यंत्र आणि खाली गेटवर बसलेला पहारेकरी, एवढीच वस्ती. त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाला शांततेची सवय होते म्हणतात. तिला झाली होती, पण आवड लागली नव्हती.

'सांगाती'मागचं विज्ञान तसं सोपं आहे. ओळखीचा चेहरा दिसला की त्याचं नाव आठवण्याच्या आधी, पाव ते अर्ध्या सेकंदात, मेंदूत एक बारीक विद्युतलहर उठते. परका चेहरा असेल तर ती उठत नाही. विस्मरणाच्या आजारात आधी तुटते ती नावाकडे जाणारी वाट. लहर त्यानंतरही पुष्कळ दिवस तग धरते. म्हणजे समोरचं माणूस आपलं आहे हे कळतं, पण हाक काय मारायची ते सुचत नाही, आणि त्या घुसमटीत म्हातारी माणसं चिडतात नाहीतर रडतात. सांगातीची रुपयाएवढी चकती कानामागे बसते आणि ही लहर टिपते. चष्म्याच्या दांडीतला कॅमेरा चेहरा कुणाचा ते पाहतो. मग घरच्यांनी अर्जात लिहून दिलेलं नाव कानात हळूच सांगितलं जातं.

यात एक नियम होता आणि यंत्र बनवणाऱ्या डॉक्टरांनी तो पहिल्या दिवशीच घालून दिला होता. लहर उठली तरच नाव सांगायचं. ओळखायचं माणसाने, यंत्राने फक्त नाव पुरवायचं. नाहीतर ते यंत्र सोबती न राहता मालक होऊन बसेल, असं त्यांचं म्हणणं. शंभरातल्या किती वेळा लहर उठली त्याचा टक्का दर महिन्याला रुग्णाच्या डॉक्टरांकडे जाई. टक्का घसरू लागला की डॉक्टर औषध बदलत. वेळेवर बदललं तर काही जणांची लहर वर्ष-दोन वर्षं सावरत असे.

वत्सलाबाईंचा टक्का होता अठ्ठ्याण्णव.

संध्याकाळी त्रिशला घरी आली तेव्हा दिवसभर सोबतीला असणाऱ्या हसीनाबी पदर खोचून निघायच्या तयारीत होत्या. आण्णा हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर केली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आलीस, त्रिशला?"

"आले, आण्णा."

दिवसभरात तिचं नाव घेणारा हा एकच आवाज होता. त्या एका हाकेसाठी ती घरी येई असं म्हटलं तरी चालेल. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, लग्न दोन वर्षांत आटोपलं होतं आणि भाऊ नव्हता. आण्णांना सांगाती तिनेच लावून दिला होता, तीन वर्षांपूर्वी, कंपनीतल्या माणसाला मिळते त्या सवलतीत. अर्जही तिनेच भरला होता, अगदी सरकारी कागद भरावा तसा.

जेवताना तिने आण्णांना वत्सलाबाईंची गोष्ट सांगितली. आण्णा म्हणजे भूपाल मगदूम, पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षं पंचगंगेची पातळी मोजून निवृत्त झालेले. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीस फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतात. ते आकडे वर जाताना सगळ्यांत आधी बघणारा माणूस हा. आता त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण नदी सगळी आठवत होती.

"फलक हिरवा होता आणि तरी बाई हरवली," त्रिशला म्हणाली. "आकडे सगळे बरोबर आहेत, आण्णा."

"बरोबर हायेत का सारखे हायेत?"

"म्हणजे?"

"नदी हाय ती. कधी तसूभर चढंल, कधी उतरंल." आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तीन तास सलग एकच आकडा आला, तर नदीकडं बघत बसायचं न्हाई. खाली उतरून मोजायची पट्टी बघायची. पट्टीला जलपर्णी अडकलेली असती. नवीन पोरं काय करायची, वर बसूनच 'फरक नाही' म्हणून लिवायची."

त्रिशला हसली. मग तिचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचल्यावर तिने फलक बंद करून टाकला आणि वत्सलाबाईंच्या यंत्राच्या कच्च्या नोंदी उघडल्या. फलकावर येतो तो गाळून, निवडून घेतलेला माल. कच्च्या नोंदींत यंत्राची प्रत्येक हालचाल असते. चेहरा दिसल्यापासून नाव सांगेपर्यंत किती वेळ गेला, तेही त्यात असतं. सेकंदाचे हजार भाग केले तर एखाद्या ओळखीला तीनशे ऐंशी लागतात, दुसरीला चारशे पंचावन्न, तिसरीला तीनशे सतरा. झोप नीट झाली नसेल तर जास्त, चहा झाला असेल तर कमी. जिवंत मेंदूचं काम ते, दोनदा सारखं कशाला येईल?

वत्सलाबाईंच्या त्या दिवशी अकरा ओळखी झाल्या होत्या. सहाशे, सहाशे, सहाशे. अकराच्या अकरा वेळा सहाशे.

सहाशे हा आकडा त्रिशलाला कुठेतरी भेटलेला होता. तिने सांगातीची मूळ आज्ञावली उघडून तो शोधला आणि सापडल्यावर ती जागा दोनदा वाचली. तिथे लिहिलं होतं: लहर वाचताना चूक झाली तर सहाशेपर्यंत थांब, मग कॅमेऱ्याला जो चेहरा सर्वांत जवळचा वाटेल त्याचं नाव सांग, आणि 'ओळख पटली' अशी नोंद कर. चूक झाल्याची नोंद करण्याची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेत एक टीप होती, 'तात्पुरतं. नंतर नीट करणे.' टिपेखाली नाव होतं त्रिशलाचं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. यंत्राची पहिली चाचणी होती. घामाने चकती सुटायची, लहर वाचता यायची नाही, यंत्र मध्येच बंद पडायचं आणि म्हातारी माणसं घाबरायची. सकाळी परवानगी देणारी समिती येणार होती. त्रिशलाने चूक गिळून टाकायची सोय केली. चकती क्षणभर सुटली तर सुटली, कॅमेरा नाव सांगेल, कुणाला कशाला त्रास, असा तिचा भाबडा हिशेब. संगणकवाल्यांच्या जगात 'तात्पुरतं' या शब्दाइतकं चिवट काही नसतं. पुढे दोन वर्षांनी चकती बनवणाऱ्या दुसऱ्या गटाने ठरवलं की लहर फारच क्षीण असेल, किंवा मुळीच नसेल, तर तेही 'वाचताना चूक' म्हणूनच कळवायचं. त्यांना हे गिळणं ठाऊक नव्हतं. तिला त्यांचा बदल ठाऊक नव्हता. आणि फलकाने कधीच कुरकुर केली नाही, कारण कुरकुर करायची त्याची वाट त्रिशलानेच बुजवून ठेवली होती.

म्हणजे वत्सलाबाईंच्या मेंदूत आता ओळखीची लहर उठतच नव्हती. मुलगा बघूनही नाही आणि गाडीवाला बघूनही नाही. कॅमेऱ्याला गाडीवाला थोडाफार नंदकुमारसारखा वाटला, तेवढं पुरलं. आणि इतके महिने त्यांच्या डॉक्टरांकडे अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा कागद जात होता.

त्रिशलाने संगणकाला तेवीसशे यंत्रांतून सलग येणारा सहाशेचा आकडा शोधायला लावला. यादी यायला वीस मिनिटं लागली. सहाशे एक्केचाळीस माणसं निघाली. तिने यादी खालपर्यंत वाचली नाही. 'म' पाशी थांबली.

मगदूम भूपाल.

घरचं माणूस म्हणून तिला त्यांच्या नोंदी बघायची मुभा होती. तिने चेहऱ्यांच्या यादीतून स्वतःचा चेहरा निवडला. तीन वर्षांचे आकडे पडद्यावर आले. पहिल्या वर्षी तीनशे चाळीस, तीनशे नव्वद. दुसऱ्या वर्षी चारशे तीस, चारशे ऐंशी. मग अधूनमधून एखादा सहाशे, पुढे जरा जास्त वेळा सहाशे. तीन फेब्रुवारीला संध्याकाळी सहा चाळीसला पाचशे बहात्तर. त्याच्यानंतर सगळे सहाशे. आता ऑक्टोबर चालू होता.

तीन फेब्रुवारीला संध्याकाळी आण्णांनी तिला शेवटचं ओळखलं होतं. त्या संध्याकाळी काय झालं होतं ते आठवायचा तिने खूप प्रयत्न केला, पण काही म्हणजे काही आठवेना. शेवटी फोनमधलं वेळापत्रक पाहिलं. साडेसहा ते सव्वासात फोनवर बैठक होती. म्हणजे ती फोन कानाला लावूनच घरात शिरली असणार. आण्णांकडे बघून नुसता हात केला असेल, फार तर. ती टेबलावर कपाळ टेकून रडली. चाळीस टेबलांच्या त्या मजल्यावर कुणाला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता.

मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली. आण्णा तिला लहानपणापासून छबू म्हणत. अर्जात तिने 'त्रिशला' लिहिलं होतं, यंत्र तेच सांगायचं, तरी आण्णा आपले "छबे, आलीस व्हय" असंच म्हणायचे. ते कधी थांबलं? उन्हाळ्यात तर नव्हतंच. तिला वाटलं होतं, आजारपणात माणूस अंमळ गंभीर होतं. नोंदी वाचण्याचा पगार घेणारी ती, आणि घरातली ही नोंद तिने आठ महिने वाचली नव्हती. फेब्रुवारीत कळलं असतं तर औषध बदलता आलं असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

कंपनीचा मुख्य अभियंता निशिकांत शिराळकर पुण्याहून पडद्यावर आला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

"चूक माझी आहे," त्रिशला म्हणाली. "टिपेखाली नाव आहे माझं."

"सात वर्षं ते पान कुणीच उघडलं नाही, त्यात मीही आलो. ते राहू दे. दुरुस्ती काय करायची?"

"पहिलं म्हणजे चूक गिळायची नाही. कुठल्या यंत्रात झाली, कधी झाली, समोर कोण होतं आणि लहर नव्हती की चकती सुटली होती, हे सगळं लिहायचं. चकती सुटली तर चकतीचा इशारा, लहर नसेल तर लहरीचा, दोन्ही एका पोत्यात भरायचे नाहीत. लहरीचा इशारा घरच्या माणसाला आणि डॉक्टरांना जाईल, कारण त्यांनाच काही करता येतं. फलकावर दहा हजार पिवळे ठिपके आले तर आपण चार दिवसांत तेही बघायचं सोडून देऊ."

"आणि नाव?"

त्रिशलाने पडद्यावरची यादी बंद केली.

"नाव सांगू दे की यंत्राला," निशिकांत हळूच म्हणाला. "नोंद ठेव, इशारा दे, पण कॅमेऱ्यावरून नाव सांगायचं तेवढं चालू ठेव. सहाशे एक्केचाळीस घरांत उद्या आई मुलाला विचारणार आहे, तू कोण म्हणून. लोक म्हणतील, यापेक्षा ती चूक बरी होती."

"वत्सलाबाई त्या चुकीपायीच गाडीत बसल्या, निशिकांत."

"मान्य आहे."

"ज्याला मेंदूच ओळखत नाही त्याला कानातून 'हा तुझा मुलगा' म्हणून सांगायचं, हे आपण करणार नाही म्हणून लिहून दिलंय."

"तेही मान्य आहे." त्याने समोरच्या यादीवर नजर टाकली. "यादीत मगदूम आडनाव दिसलं मला."

"वडील आहेत."

"एखादं यंत्र वगळता येतं, त्रिशला. मी विचारणार नाही."

वगळणं म्हणजे एका ओळीचं काम. दुरुस्ती ज्यांना पाठवायची नाही त्यांच्या यादीत एक क्रमांक घालायचा, बस. दुरुस्ती शनिवारी दुपारी जायची ठरली. मधले तीन दिवस त्रिशला रोज संध्याकाळी दारातून आत आली की आण्णांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राही. ते मान वर करत, थांबत, आणि म्हणत, "आलीस, त्रिशला?" पूर्वी त्या थांबण्याकडे तिचं लक्ष नसे. आता ती मनात सहाशेपर्यंत मोजल्यासारखी उभी राही. ती ओळख नव्हती हे ती जाणून होती आणि तरीही ते ऐकून तिचा जीव भांड्यात पडे. खोट्या नाण्यालाही आवाज असतोच की.

शनिवारी सकाळी तिने आण्णांच्या यंत्राचा क्रमांक त्या यादीत घातला.

घातला आणि बसून राहिली. दुपारी तेवीसशेपैकी दोन हजार दोनशे नव्व्याण्णव यंत्रांत दुरुस्ती पोचेल आणि फलकावर एक पिवळा ठिपका उरेल. तो दिसू नये म्हणून त्यालाही गप्प करावं लागेल. आण्णांचा टक्का डॉक्टरांकडे अठ्ठ्याण्णवच जात राहील, मग त्यांच्या कागदावरही काहीतरी सांगावं लागेल. एका चुकीला झाकायला दुसरी, तिला झाकायला तिसरी. आणि एक दिवस आण्णा फाटकाबाहेर उभे असतील, समोरून तिच्या तोंडावळ्याची कुणी बाई जाईल आणि यंत्र सांगेल, ही त्रिशला. ते तिच्यामागून चालू लागतील. बाई भली निघेलच असं नाही.

तिने क्रमांक खोडला. दुपारी दोनला दुरुस्ती सोडली. सहाशे एक्केचाळीस घरांना पत्रं गेली. त्यात काय घडलं, का घडलं आणि आता काय दिसेल ते साध्या शब्दांत लिहिलं होतं, आणि पत्राखाली तिने नाव घातलं होतं. पहिला फोन नंदकुमार आवटीचाच आला.

"म्हणजे आई मला ओळखत नव्हती," तो म्हणाला.

"नव्हत्या ओळखत. मला वाईट वाटतं."

"बरं झालं सांगितलंत. मी तिच्यावर वैतागायचो हो. म्हटलं, नाव तर घेते, मग अशी परक्यासारखी का वागते." त्याने फोन ठेवला.

आण्णांच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी औषध बदलून दिलं. लहर परत येईल का, या प्रश्नावर ते म्हणाले की आठ महिने हा फार मोठा काळ आहे, पण बघू.

संध्याकाळी त्रिशला घरी आली तेव्हा हसीनाबी निघून गेल्या होत्या. पुढचं दार उघडंच होतं. आण्णा खुर्चीत बसले होते. तिने चप्पल काढली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आण्णांनी मान वर केली, थांबले. अजून थांबले. तिच्या हातातला फोन थरथरला. मजकूर तिनेच लिहिलेला होता: 'त्रिशला मगदूम समोर असताना ओळखीची लहर आढळली नाही. कृपया स्वतःची ओळख शांतपणे सांगा.'

शांतपणे म्हणे. आयते लिहून ठेवलेले सल्ले दुसऱ्याला द्यायला बरे असतात.

आण्णांनी कानामागच्या चकतीला बोट लावलं. "हे गप झालंय," ते म्हणाले.

"हो. गप झालंय."

"बरं झालं." त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. खांदे सैल सोडले. इतके महिने ते खांदे आवळून बसत होते हे त्रिशलाला तेव्हा कुठे समजलं. "रोज तेच सांगायचं बघा. एक बाई येत होती संध्याकाळची. ती आली की हे कानात सांगायचं, त्रिशला, त्रिशला. मग मीबी म्हणायचो, आलीस, त्रिशला."

त्रिशलाने मागे हात नेऊन टेबलाची कड धरली. "आणि ती कोण होती?"

"काय म्हाईत. चांगली होती बिचारी. जेवाय वाढायची, गोळ्या द्यायची. कधी तिच्या कामाचं बोलायची, मीबी बोलायचो नदीचं." आण्णा बाजूला बघू लागले. "पर ती न्हवती हो माझी पोरगी. मला काय कळत न्हाई?"

"तिला सांगितलं नाही तुम्ही कधी?"

"कसं सांगायचं? नाव घेतलं की तिचं तोंड फुलायचं. तिला वाईट वाटंल म्हणून मी गप बसलो. आणि एकदा गप बसलं की मग रोजच बसाय लागतंय."

तिला वाटलं होतं की आठ महिने ती एकटीच फसत आली. तर हा माणूस रोज संध्याकाळी एका परक्या बाईचं मन राखायला मुलीचं नाव घेत होता आणि खरी मुलगी का येत नाही ते कुणालाही विचारू शकत नव्हता. विचारणार कुणाला? ज्याला विचारावं ते यंत्र तर सांगत होतं, आली की. एका हॉलमध्ये चार हातांच्या अंतरावर बसून दोघांनी आठ महिने एकमेकांची वाट पाहिली होती.

"तुमची मुलगी कुठे असते?" तिने विचारलं.

"कंपनीत हाय. मोठी सायबीण. यायला उशीर होतोय तिला." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आता लईच उशीर व्हाय लागलाय. पर यील. न सांगता ऱ्हायची न्हाई ती."

"येईल ना."

"तुम्ही कोण?"

या प्रश्नाचं उत्तर तिने तीन दिवस घोकलं होतं. मी त्रिशला, आण्णा, तुमची मुलगी. पाच शब्द होते, खरे होते, पण आण्णांच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांनी जे सैलपण आलं होतं ते त्या पाच शब्दांनी पुन्हा आवळलं गेलं असतं. उद्या सांगू, तिने ठरवलं, परवाही सांगू, रोज थोडं थोडं, त्यांना पेलेल तेवढं. आज नको.

"मी तुमच्या सोबतीला आलेय," ती म्हणाली.

"हां. हे बरं झालं." आण्णांनी शेजारच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून आपल्या मांडीवर घेतला. "बसा की मग, ती येस्तवर. आणि ते दार तेवढं लावू नका. तिच्याकडं किल्ली असती का नसती, कुणाला ठावं."

त्रिशला दारापाशी गेली. बाहेर अंधारून आलं होतं. तिने उंबऱ्यावरचा दिवा लावला, दार सताड उघडं ठेवलं आणि परत येऊन त्यांच्याशेजारी, दाराकडे तोंड करून बसली.